तोफ गप्प आहे

सॉफ्टवेअर कंपनीकडून आलेला कुठलाही नवा इन्स्टॉलर आधी तोफेच्या तोंडी द्यायचा, असा प्रयोगशाळेचे संगणक सांभाळणाऱ्या वहिनींचा नियम होता. लेखी नियम वेगळा होता. त्यात ‘चाचणी गट’, ‘निरीक्षण कालावधी’ असे भारदस्त शब्द होते आणि खाली प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाईंची सही होती. पण चाचणी गटात कोणाला घ्यायचं हे वहिनींवर सोपवलेलं होतं, आणि त्यांनी तिथे एकच नाव घातलं होतं.

तोफ म्हणजे मुख्य प्रयोगशाळेच्या पहिल्या काउंटरवर बसणारी बाई. रक्त द्यायला आलेल्या माणसाची नोंद करायची, त्याच्या नावाचे स्टिकर संगणकावरून काढायचे आणि नळ्यांवर चिकटवायला आत पाठवायचे, हे तिचं काम. तक्रार करणं हे मात्र काम नव्हे, तो तिचा श्वासोच्छ्वास होता. पंखा कुरकुरला, अक्षर बारीक झालं, डावीकडचं बटण उजवीकडे गेलं, की तिचा आवाज भिंती ओलांडून थेट वरच्या मजल्यावर, वहिनींच्या खोलीत. अशा बाईला चाचणीत घेणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा, असं बाकीच्यांना वाटे. वहिनींचा हिशेब उलटा होता. सोशिक माणसाच्या संगणकातून धूर निघाला तरी तो खुर्ची जरा मागे सरकवतो आणि काम चालू ठेवतो. त्याचा चाचणीला उपयोग काय? त्यापेक्षा नवी वस्तू तोफेच्या संगणकावर घालावी आणि दोन दिवस कान उघडे ठेवावेत. ती धडाडली तर दुरुस्ती करावी. गप्प राहिली तर गंगेत घोडं न्हालं. मग बेलाशक सगळ्या केंद्रांवर पाठवून द्यावी.

तोफ ही वहिनींची नणंदही होती. किंबहुना म्हणूनच त्या सगळ्या प्रयोगशाळेच्या ‘वहिनी’ झाल्या होत्या. तोफेने पहिल्या दिवशी जिन्यातून “वहिनी, तुमचा डबा राहिला!” अशी हाक मारली आणि ती सगळ्यांच्याच तोंडी बसली. वयाने तोफ वर्षभराने मोठी, नात्याने वहिनी मोठ्या. कोणी कोणाला अहो-जाहो करायचं हा प्रश्न कधी सुटलाच नाही, म्हणून दोघीही एकमेकींना करत.

तर त्या आठवड्यात स्टिकर काढायच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती सगळीकडे बसली होती. मुख्य प्रयोगशाळेत बसली, गावभर पसरलेल्या रक्त घेण्याच्या केंद्रांवर बसली. फक्त तारीख उलटी छापून येत होती. कंपनीने त्याच्यावर लगोलग एक छोटा पॅच पाठवला. म्हणजे ठिगळच म्हणा. सदरा शिवून झाल्यावर शिंपी लावतो तसं. वहिनींनी सोमवारी तो तोफेच्या संगणकावर घातला. आपल्या संगणकावर स्वतःही पाहिला. ‘चाचणी चाचणी’ नावाचा खोटा रुग्ण तयार केला, दोन स्टिकर काढले. दोन्ही बरोबर, तारीख सुलटी.

सोमवारी तोफ गप्प होती. मंगळवारीही गप्प. बुधवारी सकाळी वहिनींनी पॅच सगळ्यांना सोडला. सोबत एक कडक निरोपही. कारण पॅच लागायला संगणक एकदा बंद करून चालू करावा लागतो, त्यासाठी पडद्यावर ‘आता’ आणि ‘नंतर’ अशी दोन बटणं येतात, आणि माणूस जन्माला येतो तोच ‘नंतर’वर बोट ठेवून. वहिनींनी लिहिलं, “कृपया ‘नंतर’ दाबू नये. दाबणाऱ्याचं नाव डॉक्टरबाईंकडे जाईल.”

मग त्या आपल्या खोलीत पडद्यासमोर बसल्या. एकेका केंद्राची पट्टी लाल होती ती हिरवी होऊ लागली. हे बघायला त्यांना फार आवडे आणि सहनही होत नसे. धनुष्यातून बाण सुटला की तिरंदाजाला निदान तो दिसतो तरी. इथे बाण एकदम सगळीकडे सुटायचा आणि लागला कुठे हे फोन वाजल्यावरच कळायचं.

फोन वाजला. नवरा होता.

“आम्ही निघतोय. आईने काही खाल्लेलं नाही, त्यामुळे तिला सगळ्या जगाचा राग आलाय. घराजवळच्याच केंद्रावर नेतो ना?”

“तिथेच न्या. तिथली मुलगी गुणी आहे.”

“आज ती नळी पण आहे ना? रक्त किती पातळ झालंय ती?”

“हो. निळ्या टोपणाची. ती बघूनच डॉक्टर गोळी कमी-जास्त करणार आहेत. विसरू नका.”

“मी कशाला विसरेन? बरं… आमच्या बहिणीचं काय? बोलते का?”

“नाही,” वहिनी म्हणाल्या. “शांत आहेत.”

“चला, बरं झालं,” नवरा म्हणाला आणि घाईने फोन ठेवला.

इथे रविवारची हकीकत सांगायला हवी. रविवारी वहिनींनी सासूबाईंसाठी नवी खुर्ची आणली होती. तोफ संध्याकाळी चहाला आली, खुर्चीत बसली आणि सुरू झाली. हात खाली आहेत. गादी घसरते. रंग असा की डाग पडला तरी कळणार नाही आणि पुसला तरी कळणार नाही. वहिनींनी बरंच ऐकून घेतलं. मग कप ठेवता ठेवता म्हणाल्या, “वन्सं, तुम्हाला चालू करायचं बटण आहे, बंद करायचं द्यायला देव विसरला.” यात नवं काही नव्हतं, पण सासूबाई हसल्या, आणि आईचं हसणं लेकीच्या वर्मी लागलं. तोफेने पर्स उचलली. नवरा जिन्यापर्यंत बहिणीच्या मागे गेला होता. तिथे तो काय बोलला ते वहिनींना माहीत नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. घरात शांतता नांदत असेल तर ती कुठून आली याची चौकशी शहाणा माणूस करत नाही.

पण आता, पडद्यावर एकेक पट्टी हिरवी होत असताना, वहिनींना रुखरुख लागली. तोफ गप्प होती ती तक्रार नव्हती म्हणून, की रविवारमुळे? छे, असं कुठे असतं का. घरचं घरी आणि कामाचं कामावर. त्यांनी एक फाइल उघडली, बंद केली. खालून कुणाचाही आवाज येत नव्हता. एवढी शांतता त्या इमारतीत फक्त सुटीच्या दिवशी असायची.

शेवटी स्टेपलर हवा असल्याचं निमित्त करून वहिनी खाली गेल्या.

पहिल्या काउंटरसमोर रांग होती, आणि ती नेहमीपेक्षा लांब होती. तोफेने एका गृहस्थाची नोंद केली, दोन स्टिकर काढले, आत पाठवले. मग कोपऱ्यातली फुली दाबून प्रोग्रॅम बंद केला. पुन्हा उघडला. आपलं नाव घातलं, पासवर्ड घातला, चाक फिरून थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग म्हणाली, “पुढचे या.”

वहिनी स्टेपलर हातात घेऊन उभ्या राहिल्या. पुढच्या बाईंचं झालं. तोफेने पुन्हा फुली दाबली.

“वन्सं, दरवेळी बंद का करताय?”

“सवय.”

“कधीपासूनची?”

“परवापासूनची.”

“आणि नाही बंद केला तर?”

“माझं चाललंय ना? मी काही म्हटलंय का?” तोफ पडद्याकडेच बघत होती. “पुढचे या.”

“म्हणा ना मग! काय होतं नाही बंद केला तर?”

“तक्रार नाहीये माझी.”

“वन्सं!”

“माझं बटण बंद आहे,” तोफ म्हणाली. मग वहिनींचा चेहरा पाहून तिचा स्वर जरा खाली आला. “अहो, विशेष काही नाही. दोन नळ्या असल्या की दुसऱ्या स्टिकरवर आधीच्या माणसाचं नाव येतं. बंद करून उघडलं की नीट येतं. मी काढलीय ना युक्ती.”

वहिनींच्या हातातला स्टेपलर काउंटरवर पडला. ‘चाचणी चाचणी’च्या दुसऱ्या स्टिकरवर बरोबर नाव आलं होतं, कारण त्या बिचाऱ्याच्या आधी कोणी आलेलंच नव्हतं.

“दोन दिवस! दोन दिवसांत तुम्हाला मला सांगावंसं वाटलं नाही?”

“मला वाटलं माझ्याच मशीनला झालंय. तुम्हीच म्हणता ना, माझ्या मशीनला रोज काहीतरी होत असतं? आणि दादा म्हणाला, थोडे दिवस जरा गप्प राहा, ती ऑफिसातही तुझंच ऐकते आणि घरीही तुझंच.” रांगेतले लोक आता मन लावून ऐकत होते. “म्हटलं, बघू तरी गप्प राहून. घरात तेवढीच शांती.”

“वन्सं, मी तो पॅच सकाळी सगळ्यांना पाठवलाय.”

तोफेने फुलीवरचं बोट उचललं आणि रांगेला हाताने थांबवलं.

वहिनी धावत जिना चढल्या. पडद्यासमोर बसल्या तेव्हा मघाचा लाडका हिरवा रंग त्यांना बघवेना. हिरवं म्हणजे पॅच लागलेला. म्हणजे तिथे दर माणसाची दुसरी नळी आदल्या माणसाच्या नावाने जमा होत होती. लाल होती ती केंद्रं वाचली होती. तिथे कोणीतरी कडक निरोप वाचून, तोंड वाकडं करून, ‘नंतर’ दाबलं होतं. ज्यांनी ऐकलं नाही ते सुखरूप, आणि ज्यांनी निमूट ऐकलं ते खड्ड्यात. वहिनींनी स्वतःच्या हातांनी ढकललेले. घराजवळच्या केंद्राची पट्टी सगळ्यात वर होती. हिरवीगार. गुणी मुलीने निरोप येताक्षणी ‘आता’ दाबलं होतं.

वहिनींनी पॅच काढून घ्यायचा आदेश सोडला. मग त्यांच्या लक्षात आलं, की काढायलाही संगणक बंद करून चालू करावा लागतो. म्हणजे पुन्हा पडद्यावर तीच दोन बटणं. समोर रांग असताना कोण ‘आता’ दाबणार?

डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. खालची बातमी जिन्याने त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

“चाचणी गटात कोण होतं?” त्यांनी विचारलं.

“पहिल्या काउंटरच्या बाई.”

“आणि?”

“आणि कोणी नाही.”

डॉक्टरबाई कधी ओरडत नसत. म्हणून त्यांची भीती जास्त. “म्हणजे तुम्ही प्रोग्रॅम तपासत नव्हता,” त्या म्हणाल्या. “तुम्ही एका माणसाचा मूड तपासत होता.” मग लगेच वळल्या. “आज बाहेरून आलेली एकही नळी मशीनमध्ये जाणार नाही. मी आत थांबवते. केंद्रं तुम्ही थांबवा. आत्ता.”

वहिनींनी पहिला फोन लावला. “नमस्कार, संगणक विभागातून बोलतेय. एक छोटी तांत्रिक अडचण…” पलीकडून कोणीतरी म्हणालं, “मॅडम, गर्दी आहे, नंतर करा,” आणि फोन ठेवला. दुसऱ्या केंद्रावरही तसंच. वहिनींचा आवाज मुळातच असा होता, की ‘घराला आग लागलीय’ हे वाक्यसुद्धा त्यांच्या तोंडी विनंती वाटे.

त्यांच्या हातातून फोन कोणीतरी ओढून घेतला.

“सरका,” तोफ म्हणाली. ती काउंटर दुसऱ्याच्या गळ्यात मारून वर आली होती. “नंबर सांगा फक्त.”

आणि तोफ सुटली. “कोण बोलतंय? हात वर कर. दोन्ही! नळीला हात लावायचा नाही! दुसऱ्या स्टिकरवर कोणाचं नाव आहे? वाच. मोठ्याने वाच. बघ! आता सगळ्या बाजूला ठेव, आणि मशीन बंद कर. ‘नंतर’ नाही, आता! गर्दी असू दे, गर्दीला फोन दे, मी बोलते गर्दीशी!” एकेक केंद्र झालं की वहिनी पुढचा नंबर सांगत, आणि पडद्यावर एकेक हिरवी पट्टी विझत जाई. दोन दिवसांचा दारूगोळा साठलेला होता. कमी पडण्याचा प्रश्नच नव्हता.

घराजवळच्या केंद्राचा फोन मात्र लागेना. एकदा नाही, दोनदा नाही. व्यग्र, व्यग्र. वहिनींनी नवऱ्याला लावला. वाजत राहिला. तो केंद्रात शिरताना पाटी वाचून फोनचा आवाज बंद करणाऱ्यांपैकी होता; आज सगळी आज्ञाधारक माणसं एकाच ठिकाणी गोळा झाली होती.

“निळ्या टोपणाची नळी,” वहिनी पुटपुटल्या. “वन्सं, आईंची दुसरी नळी तीच आहे. दुसऱ्याचं रक्त बघून डॉक्टर गोळी वाढवतील…” गोळी वाढली तर काय होतं हे दोघींनाही माहीत होतं. गेल्या वर्षी नुसता हात दाराला आपटला, तर सासूबाईंचं रक्त थांबता थांबेना.

तोफेने तिसराच नंबर फिरवला. आईचा. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

“आई, कुठे आहेस?”

“खुर्चीत,” सासूबाईंचा आवाज वहिनींनाही स्वच्छ ऐकू आला; त्या फोन हातभर लांब धरून बोलत. “सुई झाली. कापूस दाबून बसलेय. तू ओरडतेयस का गं? म्हणजे बरी आहेस. दोन दिवस मला घोर लागला होता.”

“आई, समोरच्या मुलीच्या हातातल्या नळ्यांवरचं नाव वाच.”

“चष्मा दादाकडे. आणि दादा बाहेर.”

“मग तिला वाचायला सांग. मोठ्याने! दोन्ही!”

पलीकडे कुजबुज झाली. मग गुणी मुलीचा शहाण्यासारखा आवाज आला. पहिल्या नळीवरचं नाव तिने वाचलं, सासूबाईंचंच. मग दुसरी.

“ही… ही पुरुषाची आहे,” मुलगी म्हणाली. “वय एकतीस.”

“एकतीस चालेल मला,” सासूबाई म्हणाल्या. “पुरुष नको.”

तोफ हसली नाही. “त्या पोरीला फोन दे,” ती म्हणाली, आणि बराच वेळ बोलत राहिली. ती ओरडत नव्हती, कारण पलीकडे मुलगी रडायला लागली होती. “तू काही चुकली नाहीस गं. तू ऐकलंस. तेच चुकलं. ऊठ, मशीन बंद कर आधी.”

पुढचं सगळं कष्टाचं होतं, आणि शोभेचं नव्हतं. सकाळी केंद्रांवरून आलेले डबे डॉक्टरबाईंनी उघडूच दिले नव्हते; एका डब्यातल्या नळ्या मशीनच्या तोंडापर्यंत जाऊन परत आल्या. त्यांचा हुकूम सुटायच्या आधीच मशीनमध्ये गेलेल्या एकाचा अहवाल मात्र मोबाईलवर पोचलेला निघाला. तो माणूस फोन उचलेना; वहिनी पुन्हा पुन्हा लावत राहिल्या. शेवटी उचलला. “आलाय काहीतरी मेसेज,” तो म्हणाला. “म्हटलं नंतर बघू.” वहिनींनी त्याचे इतके आभार मानले, की त्याला संशय आला. मग एकेकाला फोन करून सांगायचं होतं, की माफ करा, पुन्हा उपाशीपोटी या, पुन्हा सुई टोचावी लागेल. हे डॉक्टरबाईंनी वहिनींनाच करायला लावलं. लोकांनी जे ऐकवायचं ते ऐकवलं, आणि वहिनींनी पहिल्यांदाच कोणालाही मध्येच तोडलं नाही.

संध्याकाळी घरी गेल्या तेव्हा सासूबाई जुन्या लाकडी खुर्चीत बसल्या होत्या. दोन्ही कोपरांत पट्ट्या.

“नवीत का नाही बसलात?”

“घसरते गं ती,” सासूबाई म्हणाल्या. “हातही खाली आहेत, उठताना आधार मिळत नाही. सोमवारी दोनदा पडता पडता वाचले.”

“मग सांगितलं का नाही मला?”

“तू एवढी हौसेने आणलीस. आणि जिने सांगितलं तिचं काय झालं ते पाहिलं ना मी.”

नवऱ्याने पेपर चेहऱ्यासमोर जरा उंच धरला. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. तिथला जमाखर्च नंतर बघायचा होता.

दोन दिवसांनी कंपनीचा नवा पॅच आला. या खेपेला चाचणी गटात आणखी नावं होती: घराजवळच्या केंद्रातली गुणी मुलगी, आणि सगळ्यात जास्त वेळा ‘नंतर’ दाबणारा एक महाभाग. तोफेला हे फारसं रुचलं नव्हतं. “माझ्या एकटीने भागत नाही वाटतं आता,” असं ती जिन्यात दोनदा म्हणून गेली होती.

वहिनी स्टूल ओढून तिच्या शेजारीच बसल्या. एक माणूस आला, दोन स्टिकर निघाले. दुसरा आला, दोन निघाले. वहिनी प्रत्येक नाव ओठांत वाचत होत्या. सगळी बरोबर होती, आणि म्हणूनच त्यांना धीर धरवेना.

“वन्सं, कसा वाटतोय?”

“ठीक आहे.”

वहिनींनी स्टूल आणखी पुढे ओढलं. “ठीक म्हणजे?”

“ठीक म्हणजे ठीक.”

“वन्सं, तुम्हाला माझी शपथ आहे.”

तोफेने चष्मा वर ढकलला. “अक्षर बारीक आहे. स्टिकर निघताना मशीन किंचाळतं. तारीख सुलटी झाली, पण वेळ कुठे छापलीय ते शोधायला दुर्बीण लागेल. आणि तुम्ही अशा मानगुटीवर बसलात तर मला काम सुधरत नाही. उठा.”

वहिनी उठल्या. सगळं टिपून घेतलं, मानगुटीचंसुद्धा. पॅच मात्र पुढे पाठवला नाही. दाराशी पोचल्या तोच मागून हाक आली.

“खुर्ची बदलून आणली म्हणे?”

“आणली.”

“हात उंच आहेत?”

“आहेत.”

“गादी?”

“मी बसून पाहिली. मला तरी घसरली नाही.”

“तुम्ही कुठे तक्रार करणाऱ्यातल्या,” तोफ म्हणाली. “येते संध्याकाळी. बसते, मग सांगते. पुढचे या!”